पानगळीचा तांबडा, नाताळचा हिरवा
इंग्लंडच्या हवेल्या आणि बागा : भाग सहावा

मागच्या भागात आपण गुलाबबागांत होतो. ऑक्टोबर लागला की इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांकडे निघालेल्या माणसांचे डोळे फुलांवरून झाडांवर जातात. हा हंगाम मला उन्हाळ्याहून जास्त आवडतो, आणि लंडन परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना मी आधी ससेक्समधले शेफील्ड पार्कच सुचवतो. तिथली हवेली आज खाजगी आहे, आत जाता येत नाही. बाग मात्र नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची आहे, आणि पानगळीत पाहायची असते ती बागच.

तळ्यांची एक माळ उतारावरून खाली गेली आहे. काठावरची झाडे पेटल्यासारखी लाल झालेली असतात आणि पाण्यात त्यांचे प्रतिबिंब इतके स्वच्छ पडते की रंग दुप्पट होतो. पाहणाऱ्याला वाटते, हेच ते शतकानुशतकांचे इंग्लंड. पण हा लाल रंग इथे उशिरा आला. अठराव्या शतकात ही जमीन ज्याने घडवली, त्या केपेबिलिटी ब्राउनचा भर ओक आणि बीच अशा झाडांवर असे. ती शरद ऋतूत पिवळी, सोनेरी, तपकिरी होतात. रक्तासारखी लाल होत नाहीत. लाल होणारी बरीचशी झाडे अमेरिकेतून आणि जपानमधून आली. १९१० साली आर्थर सोम्स यांनी शेफील्ड पार्क विकत घेतले आणि १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते झाडे लावत राहिले. फुलांसाठी ऱ्होडोडेंड्रॉन लावलीच, पण खास पानगळीच्या रंगासाठी ट्युपेलो हे अमेरिकी झाड भरपूर लावले. असे झाड ऐन भरात यायला काही दशके लागतात. सोम्स यांच्या मनातली बाग पुरती रंगली ती त्यांच्या पश्चात. १९५४ पासून ती ट्रस्टकडे आहे.

क्रिकेटवेड्यांसाठी आणखी एक गोष्ट. सोम्स यांच्या आधीचे मालक, तिसरे लॉर्ड शेफील्ड, यांनी इथे मैदान केले होते आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेले ऑस्ट्रेलियन संघ तिथे खेळले. ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्ड ही स्पर्धा त्यांच्याच नावाची. ती ढाल त्यांनी दिलेल्या दीडशे पौंडांतून घडली.

रंग कधी येतो, हा सगळ्यांचा प्रश्न. दिवस लहान होऊ लागले की पानातले हरितद्रव्य मोडते आणि त्याच्याखाली उन्हाळाभर दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगाचे तसे नाही. तो पानात आधीपासून नसतो. पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून ऐनवेळी तयार होतो. त्याला लख्ख ऊन आणि गार रात्री लागतात, पण कडक हिमही चालत नाही. म्हणून पिवळा रंग दरवर्षी कमीजास्त भरवशाचा, लाल मात्र हवेच्या मर्जीवर. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ धरावा. ऊन-थंडीचा एखादा चांगला आठवडा गाठून निघावे, कारण एका वादळी रात्रीत सगळे जमिनीवर येते.

विल्टशरमधल्या स्टॉरहेडलाही रंग असेच उशिरा आले. हेन्री होर या बँकरने ओढ्याला बांध घालून तळे केले, काठाने देवळे उभारली. आज ज्या रंगांमुळे तिथे ऑक्टोबरात गर्दी लोटते, त्यातले बरेचसे त्याच्या वारसांच्या हातचे. जमल्यास तळ्याला उजव्या हाताला ठेवू नका, डाव्या हाताला ठेवून फिरा. होरची देवळे त्याच क्रमाने एकामागून एक समोर यावीत अशी योजना आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात. पूर्वी बहुतेक हवेल्या याच सुमारास पाहुण्यांसाठी बंद होत. बंद म्हणजे निवांत नव्हे. वर्षभराचे खरे काम तेव्हा सुरू होई. झुंबरे खाली उतरवायची, पुस्तके एकेक करून मऊ केसांच्या ब्रशाने झटकायची, गालिचे उलटून कसर लागली आहे का पाहायचे, फर्निचरवर चादरी घालायच्या, खिडक्या झाकायच्या. धुळीचा प्रश्न तर फार चिवट. पाहुण्यांच्या कपड्यांचे तंतू हा तिचा मोठा भाग असतो, आणि हवेत दमटपणा जास्त असला की ती लाकडावर, कापडावर घट्ट चिकटून बसते. म्हणून हिवाळ्यात या घरांत उष्णता देतात ती माणसांसाठी कमी आणि दमटपणा आवरण्यासाठी जास्त. आत गारठा वाटला तर कर्मचाऱ्यांवर रागावू नये.

हा बंदचा काळ मोडला नाताळाने. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थचे उदाहरण घ्या. १९५० साली दहावे ड्यूक ऑफ डेव्हनशर वारले आणि मालमत्तेवर ८० टक्के मृत्युकर बसला. तो फेडताना जमिनी आणि चित्रे गेली, घराण्याचे हार्डविक हॉलही गेले. अशा घराला तिकिटाचा पैसा म्हणजे छप्पर गळू न देण्याचा मार्ग. २००१ साली जनावरांतल्या लाळ्या-खुरकुताच्या साथीने ब्रिटनच्या ग्रामीण भागातले पर्यटन कोलमडले. हंगाम बुडाला, आणि चॅट्सवर्थने त्या वर्षी पहिल्यांदा नाताळासाठी दारे उघडली. आता तो दरसालचा मोठा सोहळा आहे आणि इतर हवेल्यांनीही तो रस्ता धरला आहे. आवराआवरीचे काम त्यामुळे नाताळ उरकल्यावरच्या थोड्या आठवड्यांत कोंबावे लागते.

चॅट्सवर्थच्या पेंटेड हॉलमध्ये, सतराव्या शतकाच्या अखेरीस लुई लागेर या चित्रकाराने रंगवलेल्या ज्युलियस सीझरच्या प्रसंगांखाली, उंच झाड उभे करतात. दृश्य भारावून टाकणारे आहे. पण ती चित्रे रंगत होती तेव्हा इंग्रज घरांत असे झाड नसे. होली आणि आयव्हीचा हिरवा पाला असे. १८०० साली राणी शार्लटने विंडसरला झाड सजवले ते आपल्या जर्मन माहेरच्या रीतीने. पुढे १८४८ मध्ये व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट झाडाभोवती मुलांसह उभे असल्याचे चित्र एका सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि रीत घरोघर गेली. बागेतल्या लाल पानासारखेच हे झाडही परगावचे. आज दोन्हींवाचून इंग्लंड डोळ्यांसमोर येत नाही.

अशी सजावट जुन्या घराला जपून सोसावी लागते. खऱ्या पाल्याबरोबर ओल आणि कीड आत येते. मेणबत्त्यांच्या जागी बहुधा दिवेच असतात. जुन्या रेशमावर, भरतकामावर ५० लक्सच्या आसपासच उजेड पडू देतात, कारण उजेडाने झालेले नुकसान भरून येत नाही, साचत जाते. फ्लॅश वापरू नका म्हटले तर वापरू नका.

जाणाऱ्यांसाठी एवढेच : डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा बाग आधी आणि घर नंतर. वेळेचे तिकीट आधी काढा. शनिवार-रविवारची तिकिटे लवकर संपतात. घरांच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या निघण्यापूर्वी पाहा.

पुढच्या भागात वेल्समधला पॉविस किल्ला : रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याच्या मुलाने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तूंचा संग्रह. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आलेला तोच हा क्लाइव्ह.