एका नजरेत माणूस कळत नाही

मुलं शिकायला परगावी निघाली की घरातून एक सल्ला हमखास मिळतो: मित्र पारखून घे. पारखायचा कसा? तर डोळ्यांत बघून बोलतो का ते बघ. नजर चोरली, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. हाच सल्ला इतक्या ठिकाणी, इतक्या ठामपणे ऐकला आहे की आता राग येतो. त्यानं बुजरी, प्रामाणिक मुलं संशयित ठरतात आणि सराईत थापाड्याला आयतं प्रमाणपत्र मिळतं.

हा समज फक्त आपलाच नाही. कितीतरी देशांत लोकांना विचारलं गेलं, की खोटारडा कसा ओळखाल? सर्वाधिक उत्तर हेच आलं, नजर टाळतो म्हणून. प्रत्यक्षात मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा दीडशेहून अधिक खुणा तपासल्या, तेव्हा नजरेचा आणि खोटेपणाचा म्हणावा असा संबंध सापडला नाही. आणि आपल्याकडे तर मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला आपणच शिकवतो!

‘पण मला कळतं,’ असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. डीपॉलो आणि चार्ल्स बॉन्ड यांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र केले. चोवीस हजारांवर लोकांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं ते सांगितलं होतं. बरोबर निघाले सरासरी ५४ टक्के. डोळे मिटून ठोकून दिलं असतं, तरी ५० टक्के जमलंच असतं. ज्यांचा रोजचा धंदाच खोटं पकडण्याचा, त्यांची कामगिरीही फारशी वेगळी नव्हती.

मग इतकी खात्री येते कुठून? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एका प्रयोगात अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला, तरी लोकांनी तो विश्वासू वाटतो की नाही हे ठरवून टाकलं. जास्त वेळ दिल्यावर मत फारसं बदललं नाही, खात्री मात्र वाढली. फसवणूक करणाऱ्याला आपली हीच खात्री हवी असते.

त्यामुळे चेहरा सोडा, वागणं बघा, आणि तेही बरेच दिवस. दुसऱ्याचं गुपित तो तुम्हाला रंगवून सांगतो का? उसने घेतलेले दोनशे रुपये मागावे लागतात का? तुम्ही ‘नाही’ म्हटल्यावर अबोला धरतो का? माझ्या मते हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाच्या अंदाजानुसार जिवलग मैत्रीला एकत्र घालवलेले दोनशेहून अधिक तास लागतात. पहिल्या आठवड्यातच कुणी जिवलग झालं, तर घाई का आहे ते विचारा.

बाकीचे समज थोडक्यात.

‘संकटात धावतो तोच खरा मित्र.’ अर्धंच खरं. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या जोडप्यांवरच्या अभ्यासात दिसलं, की चांगली बातमी ऐकून जोडीदार कसा वागतो यावरून नात्याचा अंदाज अधिक चांगला येतो. मित्रांनाही हे लावून बघावं. तुमच्या नोकरीच्या बातमीनं कुणाचा चेहरा उतरतो, हे जरूर बघा.

‘मी त्याला मित्र मानतो, म्हणजे तोही मानतो.’ २०१६ च्या एका अभ्यासात अशी जेमतेम निम्मी नाती दोन्ही बाजूंनी निघाली.

‘जुनी ओळख आहे, खोटं बोलला तर कळेल.’ जवळिकीनं संशय कमी होतो, पारख वाढत नाही.

‘मित्रासाठी जामीन राहणं म्हणजे नुसती सही.’ हा सर्वांत महागात पडणारा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्राकडून वसुलीचे सगळे प्रयत्न संपेपर्यंत बँकेनं थांबायला हवं, असंही नाही. म्हणून सहीआधी कर्जाची कागदपत्रं आणि आधीच्या हप्त्यांचा तपशील मागा. तो दाखवायला मित्र चिडत असेल, तर सही करू नका.