गळक्या नळाचे अर्थशास्त्र

गृहकर्जाचा हप्ता, विजेचे देयक, विम्याचा प्रीमियम, मुलांचे शैक्षणिक शुल्क या साऱ्यांना घरखर्चाच्या वहीत हक्काचा रकाना असतो. नळदुरुस्तीला तो क्वचितच लाभतो. हा खर्च न सांगता येतो आणि आला की घाईत येतो. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल दिसू लागते, न्हाणीघरात पाणी तुंबते किंवा ऐन सणाच्या दिवशी नळाची चावी फिरता फिरत नाही. अशा वेळी जो प्लंबर प्रथम भेटेल त्याने सांगितलेली रक्कम मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मागाहून ‘प्लंबरने लुबाडले’ अशी तक्रार ऐकू येते आणि ती काही वेळा रास्तही असते. तथापि पुष्कळदा नुकसानीचे मूळ दुसरीकडेच असते. नेमके काय बिघडले आहे हे न समजताच काम सुरू केले जाते, आणि कशासाठी किती द्यावयाचे हे आधी ठरविलेले नसते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर नळदुरुस्तीचा खर्च बऱ्याच अंशी आपल्या आवाक्यात राहतो.

ठिबकणाऱ्या नळाचा हिशेब

गळणाऱ्या नळाखाली एक पेला ठेवून घड्याळ पाहावे. पंधरा मिनिटांत २५० मिलिलिटर पाणी साचले तर तासाला १ लिटर, दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया जाते. शहरी घरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे पाण्याचे प्रमाण आपल्याकडे नियोजनात सामान्यतः धरले जाते. त्या हिशेबाने एका नळातून वर्षभरात एका माणसाची सुमारे ६५ दिवसांची गरज वाहून जाते. शिवाय इमारतीतील पाणी पंपाने वर चढविलेले असते, म्हणजे त्या पाण्यासोबत विजेचाही खर्च वाहून जातो. पुष्कळदा या गळतीचे कारण नळातील झिजलेला वॉशर किंवा आतला भाग एवढेच असते आणि ती दुरुस्ती अर्ध्या तासाची असते.

शौचालयातील फ्लशची गळती याहून फसवी असते, कारण ती दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न वापरता थांबावे. भांड्यात रंग उतरलेला दिसला तर टाकीतील व्हॉल्व्ह नीट बसत नाही असे समजावे.

आधी निदान, मग हातोडा

पूर्वी पाइप भिंतीबाहेरून नेलेले असत. ते दिसायला बरे नसत, पण गळती कोठे आहे हे पाहताक्षणी कळे. आता बहुतेक घरांत पाइप भिंतीच्या आत, म्हणजे ‘कन्सील्ड’ असतात. त्यामुळे दुरुस्तीचा मोठा खर्च पाइपवर होत नाही. टाइल्स फोडणे, चर खणणे, पुन्हा गिलावा करणे आणि टाइल्स बसविणे यांवर तो होतो. चुकीच्या जागी एकदा हातोडा पडला की हा सारा खर्च दुप्पट होतो.

म्हणून प्लंबरला बोलाविण्यापूर्वी दोन-चार दिवस ओलीचे निरीक्षण करावे. भिंत सदासर्वकाळ ओली राहत असेल, घरात कोणी पाणी वापरो वा न वापरो, तर संशय पाणी आणणाऱ्या पाइपवर येतो, कारण त्यात सतत दाब असतो. कोणी स्नान केल्यानंतरच ओल वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, न्हाणी ट्रॅप किंवा टाइल्सच्या सांध्यांकडे पाहावे. केवळ पावसाळ्यात ओल येत असेल तर दोष बाहेरच्या भिंतीत किंवा गच्चीत असण्याचा संभव अधिक. तेथे प्लंबरचे काम नसेलही.

जाणकार प्लंबर ही माहिती स्वतःहून विचारतो. न्हाणीघराच्या जमिनीबद्दल शंका असल्यास तो ट्रॅपचे तोंड बंद करून सुमारे इंचभर पाणी एक दिवस साठवून ठेवतो आणि खालच्या छतावर परिणाम होतो का हे पाहतो. पाणी आणणाऱ्या पाइपची शंका असल्यास त्याची टोके बंद करून हातपंपाने दाब देतो व तो उतरतो का हे तपासतो. या तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर ते आनंदाने द्यावेत. जो प्लंबर दारातूनच ‘सगळे फोडावे लागेल’ असे सांगतो, त्याच्याविषयी मात्र सावध राहावे.

अंदाजपत्रकाचे चार भाग

कर्जासाठी आलेले अंदाजपत्रक बँकेत बाबवार तपासले जाते. घरच्या दुरुस्तीलाही हीच शिस्त लावता येते. सामान, मजुरी, तोडफोड व पूर्ववत बांधकाम आणि राडारोडा उचलणे असे चार भाग कागदावर स्वतंत्र मांडून घ्यावेत.

याचे महत्त्व एका गृहीत उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्यक्ष दर शहरागणिक बदलतात, त्यामुळे पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यापुरते आहेत. एका न्हाणीघरातील पाइप बदलण्यासाठी पहिला प्लंबर ‘सगळे मिळून १२,००० रुपये’ सांगतो. दुसरा लिहून देतो: सामान ४,२०० रुपये, मजुरी ५,००० रुपये, तोडफोड, गिलावा व टाइल्स ६,५०० रुपये आणि राडारोडा ८०० रुपये, एकूण १६,५०० रुपये. पहिला स्वस्त वाटतो. परंतु त्याच्या ‘सगळे मिळून’मध्ये टाइल्सचे काम आणि राडारोडा धरलेला नाही हे काम निम्मे झाल्यावर कळते. तो खर्च तेवढाच आला तरी एकूण आकडा १९,३०० रुपयांवर जातो. यात पहिल्याने खोटे सांगितले असेलच असे नाही, कारण त्याच्या लेखी ‘सगळे’ म्हणजे नळाचे सगळे. शब्दाचा अर्थ आधी विचारला गेला नाही, एवढेच.

मजुरी पुष्कळदा ‘पॉइंट’वर ठरते. बेसिन, शॉवर, गीझर, फ्लश, जेट, धुलाई यंत्र अशी पाण्याची प्रत्येक जागा म्हणजे एक पॉइंट. परंतु मिक्सरला थंड व गरम असे दोन पाइप येतात. तो एक पॉइंट की दोन? गीझरचे आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी एकत्र धरावयाचे की वेगळे? पॉइंटच्या दरात भिंतीला चर पाडणे येते काय? हे प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारले तर संभाषण होते, नंतर विचारले तर भांडण होते.

सामानाची निवड

जुन्या इमारतींत जस्तविलेपित लोखंडी पाइप असतात. ते आतून गंजतात आणि त्यांचा व्यास हळूहळू आकसत जातो. टाकी भरलेली असूनही नळाला धार बारीक येते, त्यामागे हे एक कारण असू शकते. अशा पाइपचा एकच तुकडा वारंवार दुरुस्त करण्यापेक्षा संपूर्ण ओळ बदलणे दीर्घकालात स्वस्त पडू शकते.

नव्या कामात गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप वापरतात. साधा यूपीव्हीसी पाइप थंड पाण्यासाठीच योग्य असतो. गीझरच्या गरम पाण्यासाठी तो बसविणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीला आमंत्रण देणे होय. सीपीव्हीसी पाइपसाठी आयएस १५७७८ आणि पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपसाठी आयएस ४९८५ ही भारतीय मानके आहेत. मानकाचा क्रमांक व आयएसआय चिन्ह पाइपवरच छापलेले असते, ते खरेदीच्या वेळी पाहून घ्यावे. सीपीव्हीसीमध्ये एसडीआर ११ या वर्गाचा पाइप एसडीआर १३.५ पेक्षा जाड असतो. देयकावर वर्ग लिहिलेला नसेल तर दोन दुकानांच्या दरांची तुलना निरर्थक ठरते.

सामान स्वतः आणावयाचे असल्यास प्लंबरकडून यादी लिहून घ्यावी. पाइप ठरावीक लांबीत मिळतो. सात मीटर पाइप लागणार असेल आणि तो तीन मीटरच्या लांबीत घेतला तर नऊ मीटर खरेदी करावा लागतो. उरलेले दोन मीटर घरमालकाचे असतात. एल्बो, टी, सॉकेट, कॉक अशा सुट्या भागांपैकी न वापरलेले परत घेण्यास दुकानदार तयार आहे काय हेही आधीच विचारावे.

टाइल्स बसविण्यापूर्वी दाबाची चाचणी समक्ष पाहावी आणि उघड्या पाइपचे छायाचित्र मोजपट्टीसह काढून ठेवावे. पाच-दहा वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना किंवा पुन्हा गळती शोधताना हे छायाचित्र फार उपयोगी पडते.

खर्च नेमका कोणाचा?

पैसे देण्यापूर्वी हा खर्च आपला आहे काय हेही पाहावे. रेरा कायदा, २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कामाच्या दर्जातील दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर तो त्याने ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे बंधनकारक आहे. नव्या सदनिकेतील गळतीसाठी प्रथम विकासकाला लेखी कळवावे. स्वतःच तोडफोड केल्यास मूळ दोष कोणाचा हे सिद्ध करणे अवघड होते.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच बाहेरील सामायिक पाणीवाहिनी व सांडपाणीवाहिनीची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी असते. सदनिकेतील न्हाणीघर, शौचालय वा सिंक यांतून होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदस्यांनी सोसावयाचा असतो. अन्य राज्यांतील ग्राहकांनी आपल्या संस्थेचे उपविधी पाहावेत.

मोठ्या दुरुस्तीसाठी कर्ज घ्यावे लागल्यास बाबवार अंदाजपत्रक आणि देयके बँकेतही उपयोगी पडतात. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला कमाल ३०,००० रुपयांपर्यंत मिळते. गृहकर्जाच्या व्याजाची जी एकूण मर्यादा आहे, तिच्यातच ती धरली जाते.

रक्कम कशी द्यावी?

सामानासाठी आगाऊ रक्कम देणे रास्त आहे, कारण लहान कारागिराजवळ भांडवल नसते. मजुरी कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी आणि अल्प भाग चार-आठ दिवस राखून ठेवावा. हे दोघांनी आधीच मान्य केलेले असावे. देयकात वस्तू व सेवा कर लावला असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक आहे ना हे पाहावे. बहुतेक राज्यांत केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर त्याला नोंदणी बंधनकारक नसते, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. मोबदला देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र लेखी अंदाजपत्रक आणि रक्कम दिल्याचा पुरावा जवळ असेल तरच तक्रारीला वजन येते.

कारागिराची बाजू

या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे. मुंबई, दिल्ली, बेंगळूरु अशा शहरांत काम करणारे अनेक प्लंबर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यातून, विशेषतः पट्टामुंडाई परिसरातून आलेले असतात. तेथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या हे कसब शिकून घराबाहेर पडतात. आपल्या न्हाणीघरातील पाणी ज्याच्या हातून वाहते, तो स्वतः घरापासून शेकडो कोस दूर राहत असतो. पाइपच्या भावात पाच-पन्नास रुपयांची सूट न मागणारा ग्राहक मजुरीत मात्र शंभर-दोनशे कमी करण्यासाठी अडून बसतो, तेव्हा तो चुकीच्या जागी काटकसर करीत असतो. चाचणी वगळणे, सांधा सुकण्यापूर्वी पाणी सोडणे, घाईने काम उरकणे हे दोष पुष्कळदा अशा घासाघिशीतूनच जन्माला येतात.

बहुमजली इमारतीच्या बाहेरील पाइपचे काम तर जिवावरचे असते. दोरावर लोंबकळत काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला सुरक्षापट्टा आहे काय हे पाहणे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. कंत्राटदाराने कामगारांचा विमा उतरविला आहे काय, ही अट काम देतानाच लेखी घालावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बचत खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू वा संपूर्ण कायमस्वरूपी अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. घरी येणाऱ्या प्लंबरला ही माहिती नसेल तर ती देण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि अर्ज भरून देण्यास आपल्या शाखेतील कर्मचारी तत्पर असतात.

मजुरी रोख देण्याऐवजी त्याच्या खात्यात जमा केली तर आपल्याजवळ पुरावा राहतो आणि त्याच्या खात्यात उत्पन्नाची नोंद होते. उद्या नवी हत्यारे किंवा दाबचाचणीचा पंप घेण्यासाठी तो ५०,००० रुपयांपर्यंतच्या ‘शिशु’ मुद्रा कर्जाकरिता शाखेत येईल, तेव्हा हीच नोंद त्याच्या बाजूने बोलेल. स्वतःचा चाचणीपंप असलेला प्लंबर पुढच्या खेपेला कोणाच्याही घरातील भिंत फोडण्यापूर्वी ती तपासू शकेल.