सामायिक फोल्डर आणि ओळखीचा प्रश्न

देगलूर-बिलोलीकडील तेलुगू सीमेवरची अथवा उदगीर-निलंग्याकडील कन्नड सीमेवरची मराठी ध्वनिमुद्रित करणाऱ्या अभ्यासकाचे काम हल्ली पुष्कळदा घरच्या दोन संगणकांवर विभागलेले असते. मुद्रिते एका संगणकावर, लिप्यंतर व टिपणे दुसऱ्यावर. आणि नांदेड वा लातूर येथील घरात एका राऊटरद्वारे दोहोंना जोडणारे सामायिक फोल्डर. हे फोल्डर एके दिवशी उघडेनासे होते. तेव्हा घाईघाईने पासवर्डाची अट काढून ते सर्वांस खुले करण्याचा जो उपाय योजला जातो, तोच सर्वांत घातक होय. निवेदकांनी विश्वासाने सांगितलेल्या घरगुती हकीकती मग त्या राऊटरशी जोडलेल्या कोणाच्याही हाती पडू शकतात.

वस्तुतः येथे दोन भिन्न प्रश्न आहेत: आपण कोण, आणि आपणांस मुभा कशाची. नाव व पासवर्ड पुनःपुन्हा विचारला जात असेल, तर पहिला प्रश्न अडलेला असतो. तो टप्पा पार होऊन मग नकार येत असेल, तर ओळख पटलेली असते, अधिकार तेवढा मिळालेला नसतो. तेथे पासवर्ड बदलून काहीच साधत नाही. विंडोजमध्ये हा अधिकार दोन ठिकाणी नोंदलेला असतो, सामायिकीकरणात व फोल्डरच्या सुरक्षा-गुणधर्मांत, आणि नेटवर्कवरून येणाऱ्यास त्यांतील अधिक कडक तोच लागू पडतो.

ओळख अडण्याची कारणे बहुधा साधी असतात. नाव व पासवर्ड ज्या संगणकावर फोल्डर आहे त्याच्या खात्याचे हवेत. खाते मायक्रोसॉफ्टचे असल्यास नावाच्या जागी संपूर्ण ईमेल-पत्ता लागतो. रोज वापरला जाणारा चार आकडी पिन त्याच यंत्रापुरता असतो. दुसऱ्या यंत्रावरून तो चालत नाही. पासवर्डच नसलेल्या स्थानिक खात्यास नेटवर्कवरून प्रवेश नाकारणे हा तर विंडोजचा मूळ नियमच आहे. पासवर्ड बदलल्यावर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये राहिलेली जुनी नोंदही काढून टाकावी लागते.

मराठी लिहिणाऱ्यांस आणखी एक अडचण येते, आणि ती भाषाभ्यासकास विशेष लक्षणीय वाटावी. कळफलक देवनागरीवर राहिला असता रोमन पासवर्डाच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात. पण पडद्यावर ठिपकेच दिसत असल्यामुळे ती चूक ध्यानात येत नाही. पासवर्डच देवनागरीत ठेवला असेल तर प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. 'तऱ्हा' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'पुढे हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. 'ॲ'चेही तसेच, त्याचा स्वतंत्र संकेत 2008 साली युनिकोडमध्ये आला, परंतु 'अ'वर चंद्र देऊनही तेच रूप दिसते. वाचकाच्या डोळ्यास एक असलेला शब्द यंत्रास दोन वाटतो, आणि दोन्ही संगणकांवरील कळफलक निराळे असल्यास योग्य पासवर्डही नाकारला जातो. म्हणून खात्याचे नाव व पासवर्ड रोमन लिपीत ठेवणे श्रेयस्कर. फोल्डरांची नावे खुशाल मराठीत असावीत.

2024 च्या विंडोज 11 आवृत्तीपासून प्रोफेशनल संचातही, नाव न सांगता पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेश मुळातच बंद ठेवलेला आहे. राऊटरला जोडलेली जुनी डिस्क नवा संगणक घेताच दिसेनाशी होते, त्याचे हे एक नेहमीचे कारण. अशा वेळी ते संरक्षण काढून न टाकता डिस्कच्या व्यवस्थेत पासवर्डासह एक नामनिर्दिष्ट खाते निर्माण करावे आणि त्याच खात्याने प्रवेश घ्यावा.