आखाडाचे तळण : गुलगुले करावेत ते वाटण्यासाठी



आषाढ लागला म्हणजे आपल्या कुर्डुवाडी भागात दोन कामांची एकदमच घाई उडते. रानात आडसाली लागणीची आणि घरात तळणाची. कारखान्याचे धुराडे थंड असते, पावसाची भुरभुर झाली तर झाली, आणि गल्लीगल्लीतून तिखटमिठाच्या पुऱ्या, कापण्या आणि गुलगुले यांचा वास सुटतो. यालाच आपण आखाड तळणे म्हणतो. यातल्या गुलगुल्यांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, कारण त्यात आपला ऊस आहे आणि आपली वाटून खाण्याची रीतही आहे.

गूळ पारखून घ्या

आपण टनावारी ऊस पिकवतो, पण गुळाची ढेप मात्र बाजारातून आणतो. एक टन उसापासून शंभर किलोच्या आसपास गूळ निघतो. गावोगाव गुऱ्हाळे होती तेव्हा हा हिशेब घरातल्या पोरालाही तोंडपाठ असे. ऊस कारखान्याला येऊ लागला यात आपले भलेच झाले, पण गूळ पारखायची नजर त्याबरोबर मंदावली. पिवळाधमक दिसला की तो चांगला, असे आपण धरून चालतो. वास्तविक रंग उजळण्यासाठी काही ठिकाणी रसात हायड्रॉस पावडर घालतात. तेव्हा तांबूस-काळपट, आंबूस वास नसलेला गूळ घ्यावा.

साखर घातली तर चालणार नाही का, असे कोणी विचारील. साखर कारखान्याच्या पत्रिकेने सांगावे हे गमतीचेच, पण गुलगुल्याला गूळच हवा. गूळ ओल धरून ठेवतो, त्यामुळे गुलगुले दोन दिवस मऊ राहतात. शिवाय तो खमंग तांबूस रंग साखरेला येत नाही.

करण्याची रीत

वाटण्यापुरते करायचे तर एक किलो कणीक, सहाशे ग्रॅम गूळ, दोन मुठी रवा, बडीशेप व खसखस दोन-दोन चमचे, थोडे जायफळ आणि चिमूटभर मीठ घ्यावे. गूळ चिरून पाऊण लिटर पाण्यात भिजत घालावा आणि विरघळल्यावर गाळून घ्यावा. गाळायचा कंटाळा करू नये, नाहीतर चिपाडाचा तुकडा किंवा कचकच दाताखाली येते. या पाण्यात कणीक व रवा हळूहळू कालवावा. पीठ बोटांवरून सहज सुटेल पण वाहणार नाही, इतके घट्ट हवे. पाणी लागेल तसेच घालावे, सगळे एकदम ओतू नये. मग अर्धा तास झाकून ठेवावे.

तेल मध्यम तापवावे. आच मोठी झाली की गुळामुळे वरून लगेच करपते आणि आत पीठ कच्चे राहते. पहिला एकच गुलगुला सोडून पाहावा. तो तेलात फसकला तर गूळ जास्त झाला, मूठभर कणीक वाढवावी. दगडासारखा झाला तर पीठ घट्ट आहे, थोडे पाणी घालावे. एवढ्यात सव्वाशेच्या आसपास गुलगुले होतात. पोरांना कढईपासून लांब बसवावे, आणि ओल्या हाताचे पाणी तेलात पडू देऊ नये. उरलेले काळे तेल पुन्हा पुन्हा तळणाला वापरू नये.

पहिले ताट कोणाकडे?

सव्वाशे गुलगुले एका घराला खायचे नसतात. पश्चिमेकडे डोनट नावाचे गोड कडे तळतात. त्याच्या मधल्या भोकाएवढे गोळे कॅनडात १९७६ पासून दुकानांत डब्यांतून विकतात. आपला गोळा मात्र विकायचा नाही, शेजारी द्यायचा आहे.

बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९०६ साली पंढरपूरपर्यंत गेली आणि आषाढीच्या वारकऱ्यांचे कुर्डुवाडी हे गाडी बदलण्याचे ठिकाण झाले. पैठणहून येणारी नाथमहाराजांची पालखीही कुर्डू, अरण या वाटेने पंढरीला जाते. वाटेवरच्या माणसाच्या हातावर ठेवायला गुलगुल्यासारखा पदार्थ नाही. ताट नको, वाटी नको, सांडायचे भय नाही.

पण वारी पुढे जाते, शेजार इथेच राहतो. ज्या घरी वर्षात दुःख झाले, त्या घरी सणाची कढई चढत नाही. तिथे पहिले ताट जायला हवे. ज्याचा ऊस जळाला, ज्याची मोटार बंद पडून लागण वाळली, त्याच्या घरीही जायला हवे. कांडी दाबायला रानात येणाऱ्या बायांना दुपारच्या भाकरीबरोबर चार-चार गुलगुले बांधून न्यावेत. उसातला त्यांचा वाटा कुठल्याही शेअर सर्टिफिकेटावर लिहिलेला नाही.

आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही, ही आपली जुनी रीत. अलीकडे दुकानातला पुडा आणून दिला की काम भागते. पुडा काही वाईट नाही, पण पुड्याबरोबर ताट येत नाही, आणि ताट परत करायच्या निमित्ताने होणारे बोलणेही होत नाही. बांधावरून अबोला धरलेली दोन घरे पुष्कळदा अशाच एका ताटाने पुन्हा बोलती झालेली असतात.

तेव्हा यंदा आखाड सरायच्या आत एक दिवस कढई चढवावी. सभासद भगिनींची करण्याची रीत वेगळी असल्यास पत्रिकेकडे जरूर लिहून पाठवावी.