बॉयलरवरची तांबडी खूण

ठाण्याहून बेलापूरकडे निघालात, की ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे अशी नावे एकामागून एक येतात आणि बाजूने कारखान्यांची रांग लागते. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि पुढे या भागात नवी मुंबई उभी राहिली. आपल्या खेड्यांतली कितीतरी मुले आज इथे कामाला आहेत. कापड रंगवायचे असो, औषध बनवायचे असो, पुष्कळ ठिकाणी वाफ लागते. आणि वाफ म्हटली की बॉयलर आलाच.

बॉयलर म्हणजे तरी काय? घरातला कुकर डोळ्यांपुढे आणा आणि तो खोलीएवढा आहे असे समजा. उघड्या पातेल्यातले पाणी 100 अंशांना उकळते. पण बंद बॉयलरात दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो दाब असला, तर तेच पाणी सुमारे 183 अंशांपर्यंत तापलेले असते. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्यातला काही भाग क्षणात वाफ होऊन बसतो. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते. भिंती उडतात त्या या जोराने!

हे ज्ञान माणसाला फुकट मिळालेले नाही. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा 1864 मध्ये बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनी आपापले नियम केले. परिणाम असा, की एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात नापास! ही ओढाताण 1923 च्या कायद्याने संपवली. 1950 साली सविस्तर नियमावली आली, आणि 2025 मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा केला. अमेरिकेतही तेच घडले. ब्रॉक्टन गावी 1905 च्या मार्चमध्ये जोड्यांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून 58 माणसे गेली. त्यानंतर तिथल्या यंत्र-अभियंत्यांनी आपली प्रसिद्ध नियमसंहिता लिहिली.

या नियमांत असते काय? पोलाद कोणते, पत्रा किती जाड, सांधा कसा जोडायचा, जोडणाऱ्याची परीक्षा कशी घ्यायची, हे सारे. नवा बॉयलर पाण्याने भरून ठरलेल्या दाबाच्या दीडपट दाब देतात. हवेने का नाही? हवा दाबली की स्प्रिंगसारखी जोर साठवते; पाणी जवळजवळ दबतच नाही. म्हणून सांधा कच्चा असला तर पाणी नुसते ठिबकते, स्फोट होत नाही. पुढे चालू बॉयलरही ठराविक मुदतीने थंड करून, साफ करून तपासतात, आणि मग दाखला मिळतो. त्यावर किती दाब चालेल ते लिहिलेले असते. तेवढ्याच आकड्यावर दाबमापकावर तांबडी खूण असते.

आता खरी मेख ऐका. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. वाफ गेली म्हणजे कोळसा गेला, पैसा गेला. मग कुणीतरी म्हणतो, 'आवळ जरा!' त्या एका पिळाने शंभर पानांची नियमावली कुचकामी ठरते. व्हॉल्व्हशी अशी खेळी करणे हा गुन्हा आहे, हे कामगारालाही ठाऊक हवे.

तेव्हा मुलगा सुटीला घरी आला, की विचारा: दाखल्याची मुदत संपली नाही ना? काटा तांबड्या खुणेच्या अलीकडे असतो ना? व्हॉल्व्हला कुणी हात लावत नाही ना? आणि गुरुजींनो, वर्गात कुकर आणून दाखवा. त्यावरची आय.एस.आय. खूण मुलांना वाचू द्या, शिट्टीखालचे भोक अन् झाकणावरची सेफ्टी पाहू द्या. त्या सेफ्टीच्या जागी भलताच तुकडा का बसवू नये, याचे उत्तर मुलांकडूनच काढून घ्या.