मोडशीची परदेशवारी

अठराव्या शतकात हिंदुस्थानात चाकरीस आलेले इंग्रज डॉक्टर वांती, रेच आणि पायांत वळणारे गोळे ह्यांनी धडधाकट माणसाला एका दिवसात गारद करणाऱ्या विकाराला ‘मोर-द-शियां’ म्हणत. फ्रेंच भाषेत ह्याचा अर्थ कुत्र्याचे मरण. आणि रोग्याची कळा पाहता नाव इतके समर्पक वाटे की, त्याच्या कुळाची चौकशी करण्याची निकड फारशी कोणाला भासली नसावी. वस्तुतः कुत्र्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. परमुलखात जाऊन वेष पालटलेली ही आपली मोडशीच होय.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात स्वच्छ नोंदवले आहे की, एतद्देशीय लोक ह्या व्याधीला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचा अपभ्रंश करून ‘मोर्देशी’ म्हणतो. फ्रेंचांच्या मुखी त्या अपभ्रंशाचे कुत्रे झाले, ते इंग्रजांनी जसेच्या तसे उचलले. उपचार मात्र अघोरी होता. सतराव्या शतकातील फ्रेंच वैद्य देलों लिहितो की, रोगी चटका बसून ओरडेपर्यंत टाचेला तापलेली सळई लावून धरावी; युरोपीय वैद्यकाच्या पोतडीतही त्या काळी याहून सरस काही नव्हते.

‘मोर-द-शियां’ ह्या नावाची सद्दी संपण्यास नर्मदाकाठच्या मुलखाचेही निमित्त झाले. हंडियासमोरच्या नेमावरास चितू पेंढाऱ्याची छावणी असे, आणि तो स्वतः जवळच्या सातवासास राही. त्याच्या व इतर पेंढाऱ्यांच्या पारिपत्यासाठी १८१७ मध्ये गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज जातीने मोहिमेवर निघाला असता, ऑगस्टात बंगालच्या जेसोरात उसळलेली ह्याच रोगाची साथ नोव्हेंबरात त्याच्या बुंदेलखंडातील तळावर येऊन आदळली. शिपाई आणि बाजारबुणगे पटापट मरू लागले, तेव्हा तळ उठवून बेतवाकाठी न्यावा लागला. एवढ्या अनर्थाची दप्तरी दखल घेणे सरकारास भागच होते. बंगालच्या वैद्यकीय मंडळाचा चिटणीस जेम्सन ह्याने १८२० साली कलकत्त्यात प्रसिद्ध केलेला अहवाल ‘कॉलरा’ ह्या ग्रीक वळणाच्या नावानेच निघाला, आणि ‘मोर-द-शियां’ हळूहळू इंग्रजी वैद्यकातून हद्दपार झाले. चितूला मात्र १८१९ मध्ये, तोफांनी नव्हे, रानातल्या वाघाने गाठले.

१८८६ साली यूल व बर्नेल ह्यांनी आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘मोर-द-शियां’ ह्या शब्दाचे मराठी मूळ सांगितले. मराठीत त्या जीवघेण्या रोगाला पटकी, महामारी, जरीमरी अशी नावे रूढ झाली, आणि मोडशीच्या वाट्यास उरले ते केवळ अजीर्ण, ज्यावर आजही ओवा नाहीतर सुंठ पुरते.