चुना, सिरिंज आणि ॲप्टेशिया

ॲप्टेशिया हा समुद्रफुलाच्या जातीचा लहान प्राणी चिमट्याने काढता येत नाही. चिमटा जवळ गेला की तो दगडाच्या भोकात आक्रसून बसतो. जोर लावून उपटलाच, तर तळव्याचे बारीक कण दगडाला चिकटून राहतात आणि त्यातल्या कित्येक कणांपासून नवा ॲप्टेशिया उभा राहतो. एरवीही तो दगडावरून सरकताना तळव्याचे कण मागे टाकत जातो, त्यासाठी जोडीदाराची गरज नसते. कर्जतजवळच्या भिवपुरीच्या डोंगरउतारावरची घाणेरी नुसती छाटली की बुंध्यातून आणखी जोमाने फुटते, तीच गत. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्याने पहिल्यांदा हे मनात पक्कं करावं, की हा प्राणी आहे त्या जागी, अख्खाच मारावा लागतो.

भिवपुरीत समुद्र घरी बनवावा लागतो. इथे सगळं गोडं पाणी. घाटमाथ्यावरच्या आंध्रा धरणाचं पाणी 1922पासून इथल्या टाटांच्या वीजघरात उतरतं आणि पुढे उल्हास नदीला मिळतं. घरच्या टाकीसाठी बोअरचं पाणी आरओतून काढायचं आणि लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ घालायचं. म्हणजे 200 लिटरच्या टाकीला सात किलो मीठ. कर्जतच्या उन्हाळ्यात पाणी 26 अंशांच्या आसपास ठेवायचं तर चिलर हवा, पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवा. मासे, कोळंबी, मऊ प्रवाळ आणायला कुर्ल्याचा बाजार गाठायचा आणि थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरायचं. इतक्या कष्टाने उभ्या केलेल्या पाण्यात हा पाहुणा नकळत येतो. बहुतेक वेळा प्रवाळाचा तुकडा ज्या प्लगवर चिकटवलेला असतो, त्या प्लगच्या खालच्या बाजूला बसून.

प्रवाळ म्हणजे इथे फक्त मऊ जातीचे: मश्रूम, झोअँथिड, लेदर. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रपंखेही आहेत. कुणी दुकानदार गुपचूप देऊ करत असला तरी ते घरी आणू नयेत. आपल्या किनाऱ्यांवर त्यांचं जे काही उरलंय, ते तिथेच राहायला हवं.

ॲप्टेशिया ओळखायला सोपा. दिसायला लहान समुद्रफूल. तपकिरी, पारदर्शक देठ, वर लांब टोकदार बाहूंचं वलय, मधोमध तोंड. मजानो नावाचा दुसरा उपद्रवी जीव बुटका असतो आणि त्याच्या बाहूंची टोकं फुगीर असतात. ॲप्टेशियाच्या बाहूंत सूक्ष्म दंशपेशी असतात. शेजारचा झोअँथिड त्या बाहूंच्या टप्प्यात आला की मिटलेलाच राहतो, उमलत नाही. हळूहळू तो आकसतो आणि ती जागाही ॲप्टेशिया घेतो.

मारायचं साधन आपल्या ओळखीचंच आहे, विझवलेला चुना. पानाच्या डबीतला नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची शुद्ध भुकटी घ्यायची, आरओच्या पाण्याच्या थेंबांत कालवायची आणि सुईतून कसंबसं बाहेर पडेल इतकी दाट ठेवायची. पातळ झाली तर टाकीभर पसरते. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण हा चुना कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर फारच वाईट.

आता घाई करायची नाही. आधी सगळे पंप बंद. पाणी स्थिर झालं की ॲप्टेशिया पूर्ण फुलतो. बोथट सुईची सिरिंज बाजूने, हाताची सावली त्याच्यावर पडू न देता, अगदी सावकाश आत न्यायची. बाहूंना धक्का न लावता टोक तोंडाच्या वर आणायचं आणि एकच थेंब सोडायचा. त्याला तो घास वाटतो. बाहू आत वळतात, थेंब तोंडात ओढला जातो. त्याच क्षणी उरलेला चुना वरून सोडायचा, देठ आणि दगडातलं भोक दोन्ही झाकलं जाईपर्यंत. देठातून पांढरे, केसासारखे धागे बाहेर पडताना दिसतात. ते त्याचं शेवटचं हत्यार, त्यांतही दंशपेशी भरलेल्या असतात. दहा-पंधरा मिनिटं पंप बंदच ठेवायचे, मग पांढरा गाळ बारीक नळीने ओढून घ्यायचा आणि नंतर पंप सुरू करायचे.

एका बैठकीत मोजकेच मारायचे. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या थोडा वर असतो, चुन्याच्या संपृक्त निवळीचा बाराच्याही वर. लहान टाकीत चुना जास्त पडला की मासे आधी धापा टाकू लागतात. काही दिवसांनी त्याच जागी भिंग लावून पाहायचं. निसटलेल्या कणांतून टाचणीच्या डोक्याएवढे नवे जीव वर येत असतील, तर तेव्हाच त्यांना गाठायचं.

दगड बाहेर काढून उकळावा, असं वाटणं साहजिक आहे. झोअँथिड असलेला दगड मात्र कधीही उकळू नये, घासू नये. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं, वाफेतून ते श्वासात गेल्याने माणसं रुग्णालयात पोचली आहेत. घरात मुलं असतील तर हे दोनदा सांगावं.

चुना जिथे पोचत नाही, तिथे ॲप्टेशियाला खाणारे प्राणी कामी येतात. पेपरमिंट कोळंबी लहान ॲप्टेशिया खाते, पण तिच्या नावावर पाठीला कुबड असलेली कॅमल कोळंबी विकली जाते आणि ती मऊ प्रवाळच कुरतडते. बर्घिया नावाची समुद्रगोगलगाय ॲप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. म्हणूनच टाकी साफ झाली की ती उपाशी मरते. तिच्या पुढच्या घराची सोय आधी करावी. चोचीसारख्या तोंडाचा कॉपरबँड मासाही ॲप्टेशिया खातो, पण इतर खाणं घ्यायला तो फार कुरकुरतो. केवळ या कामासाठी त्याला आणणं मला अन्यायाचं वाटतं.

ॲप्टेशिया इतका चिवट का, याचं उत्तर त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालात आहे. प्रवाळांसारखंच त्यालाही हे शैवाल प्रकाशातून अन्न बनवून देतं. पण उष्णतेने शैवाल निघून गेलं तर प्रवाळ सहसा फार काळ टिकत नाही; ॲप्टेशिया पांढराफटक होऊनही, खायला मिळालं की जगत राहतो. नेमक्या याच गुणामुळे प्रवाळांचं विरंजन समजून घेणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळांत त्याला मुद्दाम वाढवतात. त्याचा जनुकसंच 2015मध्ये प्रसिद्ध झाला. मला हा प्राणी आवडतो, आणि टाकीत मी त्याला एक दिवसही राहू देत नाही.

शैवाल त्याला अन्न पुरवतं, त्यामुळे तो उपाशी मरेल ही आशा सोडावी. पण वरून खाऊ न घालणं तरी आपल्या हातात आहे. माशांनी न खाल्लेला आर्टेमिया, म्हणजे त्यांचं कोळंबीवर्गीय खाद्य, दगडांच्या फटीत साचतो आणि तिथेच ॲप्टेशियाची वस्ती वाढते. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढंच घालावं. नवा प्रवाळ आला की प्लग खालून भिंगाने तपासावा, शक्य असेल तर कापून टाकून द्यावा आणि तुकडा वेगळ्या लहान टाकीत काही आठवडे ठेवावा. काढून टाकलेले दगड उन्हात खडखडीत वाळवावेत, आणि खारं पाणी शेताकडे किंवा नदीकडे जाणाऱ्या नाल्यात सोडू नये.